क्रुसाच्या पायरीवरचं कुंकू

भावाच्या, दोमनिकच्या, हृदयाचं ऑपरेशन गुरुवारचं ठरलं आणि सोमवारी पहाटे मी नाशिकहून गाडी काढली. नवरा म्हणाला, "आत्ता वसईला? कशाला?" म्हटलं, "आई प्रार्थना म्हणायची त्या क्रुसापाशी मागणं मागायला." पंधरा वर्षांत मी चर्चची पायरी चढले ती फक्त लग्नांना. तो हसला नाही हे त्याचं नशीब!

तुम्ही जाणार असाल तर कसारा घाट उजाडायच्या आत उतरा. भिवंडीहून कामणचा रस्ता जवळचा, पण पाठीला उशी घ्या. सातिवलीत कारखान्यांची रात्रपाळी सुटायच्या वेळी शिरलात की अर्धा तास गेलाच. मी नेमकी तेव्हाच शिरले. फाट्यावर चहा-वडापाव झकास मिळतो. वसई पश्चिमेच्या बाजारात सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, मिळाली तर महाग म्हणून सोडू नका.

आमच्या आळीत आता घरं नाहीत, सात मजली इमारती आहेत. रस्त्याकडेचा क्रूस तेवढा जागेवर. मे महिन्यात संध्याकाळी सगळी आळी इथे रोजरीला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला, जमायची. आई पुढे म्हणायची, आणि आम्हा पोरांचा डोळा शेवटी वाटल्या जाणाऱ्या उकडलेल्या चण्यांवर. फार आठवण आली तिची.

जवळ गेले तर खालच्या पायरीवर हळद-कुंकू, जास्वंद, उदबत्ती! माझं डोकंच फिरलं. रुमाल ओला करून पुसायलाच बसले.

"बाय, नको गं पुसू."

मागे रस्त्यावर एक बाई उभी. हातात डबा, चपला बाजूला काढलेल्या. बोलण्यात कळलं, ती चांदीप गावची वनिता, सातिवलीत पॅकिंगचं काम करते, इथेच मागे भाड्याने राहते.

"तू ख्रिस्ती?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"नाय गं. माजी पोरगी तापानं फनफनली व्हती, तवा याला सांगितलं. उठली. तवापासून पाळीवरनं आले का पायरीला पानी घालून हळद-कुंकू लावते."

"मग वर ये ना."

"नको, तेवढी माजी लायकी नाय. हितनं बोलले तरी त्याला ऐकू जातं. तू कशाला आलीस?"

दोमनिकचं सांगितलं. मग वर चढून गुडघे टेकले. दुसऱ्याच प्रार्थनेला शब्द आठवेनात. आईने शिकवलेलं सगळं साफ गेलं होतं, आणि भाऊ तिकडे हॉस्पिटलात खाटेवर. रडूच फुटलं. खाली उतरले, चपला काढल्या आणि वनिताशेजारी रस्त्यावर उभी राहिले.

"भावाचं नाव काय?"

"दोमनिक."

तिने हात जोडले. "देवा, दोमनिकला घरी धाड." बस, एवढंच. पदराने तोंड पुसून ती डबा घेऊन निघून गेली. मी अर्धवट पुसलेल्या पायरीकडे बघत राहिले, आणि लाज वाटली मला, खरंच.

ऑपरेशन नीट पार पडलं. देवामुळे की डॉक्टरांमुळे, हा वाद आमच्या घरी अजून चालू आहे. मी त्यात पडत नाही. वसई माझी, क्रूस माझा, ही माझी ऐट मात्र उतरली.

घरी आल्यावर दोमनिकने विचारलं, "क्रुसापाशी काय मागितलंस गं माझ्यासाठी?"

"मागितलं वनिताने," मी म्हटलं. "मी नुसतं आमेन म्हटलं."