काशीत सोडलेली गोळी

"गोळीला हात लावणार न्हाई. काशीला सोडून आले मी ती," कौसल्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या टेबलावर डोकं टेकलं. घेरी आली होती.

मी मानसोपचारतज्ज्ञ. दवाखाना जालन्यात, पण बाजाराच्या दिवशी परतूरला बसायचो. मोबाइल अजून गावोगाव पोचले नव्हते तेव्हाची गोष्ट. कौसल्याबाई माझ्या जुन्या पेशंट. एके काळी त्यांनी अंथरूण धरलं होतं, जेवण तोडलं होतं, विहिरीकडे चकरा सुरू झाल्या होत्या. डिप्रेशनच्या गोळीनं त्या उठल्या. पुढं कित्येक वर्षं रोज सकाळी चहानंतर एक गोळी. आता तब्येत ठणठणीत होती. यात्रेहून या, मग हळूहळू बंद करू, असं आमचं ठरलंही होतं.

काशीला गेलं की एक वस्तू सोडायची, म्हणजे पुन्हा जन्मात खायची नाही, अशी रीत आहे. शहाणी माणसं दोडका सोडतात. यात्रेच्या बसमधल्या बहुतेकांनी तोच सोडला. कौसल्याबाईंनी गोळी सोडली.

परतीच्या वाटेवरच सुरू झालं. मळमळ, घाम, विनाकारण रडू. डोळे हलवले की डोक्यात करंट. जुना आजार उलटला, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. कौसल्याबाईंनाही तेच वाटत होतं आणि त्या पार घाबरल्या होत्या. ते दिवस पुन्हा आले तर मी वाचत न्हाई, असं त्यांनी मला सरळ सांगितलं.

हा जुना आजार नव्हता. तो दबक्या पावलानं येतो, असा दोन दिवसांत येत नाही आणि डोक्यात करंटही देत नाही. वर्षानुवर्षं सवय झालेली गोळी एकदम तोडली की शरीर असा गोंधळ घालतं. याला आम्ही विड्रॉवल म्हणतो. इलाज सोपा. गोळी परत सुरू करायची, जीव थाऱ्यावर आला की काही महिन्यांत अर्धी, पाव करत बंद करायची. म्हणजे गोळी सोडायला आधी गोळी घ्यायची. हे बाईंना पटेना. सोडलेलं तोंडात घातलं तर नातवाला भोवेल, ही भीती. देव एवढा कोता नसतो वगैरे मी बोललो. देवाबद्दल डॉक्टरचं कोण ऐकतंय!

शेवटी मी वैतागलो. "अहो, सगळ्यांसारखा दोडका सोडायचा ना!"

"आवडती वस्तू सोडायची असती, डॉक्टरसाहेब. दोडका मला कुठं आवडतो? त्या गोळीनं मला जित्तं ठेवलं. तिच्याहून आवडतं काय होतं माझ्यापाशी?"



त्यांचे मालक दिगंबरराव कोपऱ्यात तंबाखू चघळत बसले होते. ते उठून बाहेर गेले, थुंकून आले आणि खिशातली डबी माझ्या टेबलावर ठेवली.

"हिची गोळी सुटेस्तोवर माझी तंबाखू जामीन. मी सांगतो देवाला. ही बराबर सोडणार हाय, फक्त टाइम लागून राह्यला."

लग्न झाल्यापासून ती तंबाखू सुटावी म्हणून बाई मागं लागलेल्या. त्या नवऱ्याकडे बघतच राहिल्या. मग पाणी मागितलं आणि गोळी घेतली.

पुढच्या बाजारी घेरी गेलेली होती. कमी करणंही नीट चाललं. अर्धीवरून पाववर येताना करंट पुन्हा जाणवला, म्हणून तिथं जरा जास्त थांबलो. त्रास झाला तो दिगंबररावांना. झोप उडाली. बैलांवरसुद्धा खेकसायला लागले. यावर काही गोळी आहे का, असं त्यांनी मला हळूच विचारलं. बाईंनी ऐकलं. "सोसा जरा," म्हणाल्या.

ज्वारी निघाली तेव्हा शेवटचा तुकडाही बंद झाला. आणखी काही बाजार वाट बघितली. बाई जेवत होत्या, झोपत होत्या, सुनेशी भांडतही होत्या. मी खणातून डबी काढून दिगंबररावांना दिली. त्यांनी तिथंच उघडली. तंबाखूचा भुगा झाला होता. ताजी आणायला ते तडक बाजारात गेले.

मी बाईंकडे बघितलं.

"जाऊ द्या, डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "त्यांची आवडती हाय."

तेव्हापासून काशीला निघालेल्या प्रत्येक पेशंटला मी दोडका लिहून देतो.