खिळ्याला टांगलेले पासवर्ड

चार मित्र जमले की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्या कॅफेचं सांग की!" मीही सांगतो. एक किस्सा संपेपर्यंत दुसरा आठवतो, हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळते. हल्ली घरी परतताना मात्र मलाच कसंतरी होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. साताऱ्यात एसटी स्टँडजवळ मी आणि माझा मित्र दिलीप, आम्ही तीन कॉम्प्युटरचा इंटरनेट कॅफे काढला. लोकांची ई-मेल अकाउंटं आम्हीच उघडून द्यायचो आणि विसरतील म्हणून सगळ्यांचे पासवर्ड एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवायचो. वही कुठे? काउंटरशेजारी खिळ्याला, सुतळीनं टांगलेली! एसटीडी बूथवर डिरेक्टरी तशीच टांगलेली असायची, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

* * *

तोफखान्यातून रिटायर झालेले एक सुभेदार यायचे. वही बघून लालबुंद झाले. "आवं, दुश्मनाच्या हातात किल्ली देताय व्हय?"

त्यांनी आपलं पान फाडून घेतलं आणि नवा पासवर्ड फक्त दिलीपच्या कानात सांगितला. पण तोफांनी त्यांचे कान गेलेले. त्यांची कुजबुज पार स्टँडवर ऐकू जायची!

पुढच्या खेपेला टाइप करताना ते अडले, तर मागच्या बाकावरून तिघं एकदम ओरडले, "सुभेदार, शेवटी सात!"

आम्ही पोट धरून हसलो. सुभेदार हसले नाहीत, आणि पुन्हा आलेही नाहीत. तिथे येणाऱ्यांत शहाणा तो एकच माणूस होता, आणि आम्ही त्यालाच वेड्यात काढलं.

* * *

पासवर्ड विसरलाच तर कॉम्प्युटर एक गुपित प्रश्न विचारायचा. सातारा जिल्ह्यातल्याच औंधच्या एका गुरुजींना मी ऐटीत सांगितलं, "आईचं माहेरचं आडनाव टाका. कुणाला कळणार नाही!"

"आवं, ते अख्ख्या औंधाला ठावं हाय! मामा गावातच ऱ्हातो आमचा."

"कॉम्प्युटरला कुठं ठाऊक आहे?" मी म्हणालो.

पंधरा दिवसांत त्यांच्याच शाळेतल्या एकानं ते आडनाव टाकून मेल उघडली. गुरुजींनी गुपचूप पुण्याच्या एका शाळेत अर्ज केला होता, तो स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचला गेला. मुलाखतीला जायला त्यांना रजाच मिळाली नाही.

* * *

तातडीची मेल आली की आम्ही प्रिंट काढून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो. एकदा पाटणच्या एका मुलीला मुंबईच्या स्थळाकडून मेल आली. आम्ही कागदाची घडी घातली आणि दिली. लिफाफा वगैरे काही नाही.

उंब्रजला कंडक्टरनं वाचली, मल्हारपेठेपर्यंत अख्ख्या गाडीनं! पाटणला मुलीचे वडील कागद घ्यायला आले, तर गाडीतली चार अनोळखी माणसं त्यांची समजूत काढायला खाली उतरली.

"जाऊ द्या पाव्हणं, लय स्थळं मिळत्याल!"

* * *

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. मंगल नावाची एक मुलगी दर आठवड्याला भावाची मेल वाचायला यायची. भाऊ मस्कतला फिटर होता. एकदा ती आजारी पडली, म्हणून तिची आईच आली. आईला वाचता येत नव्हतं.

"सर, पोराचं पत्र आलं आसंल तर वाचा की."

मी वही काढली, मंगलचा पासवर्ड टाकला, मेल उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागलो. इंग्रजी अक्षरांतलं मराठी! एकेक अक्षर लावत जावं लागायचं, त्यामुळे तोंडातून आधी निघायचं आणि अर्थ मागून कळायचा.

"मंगल, मशीनमध्ये हात गेला. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. आता बरा आहे. आईला यातलं काही कळू देऊ नकोस."

वाचून झालं तेव्हा मी काय वाचलं ते मला कळलं. आई पदर तोंडाला लावून स्क्रीनकडे बघत राहिली.

मग तिनं खुर्ची पुढे ओढली.

"सर, मंगलच्या नावानं लिवा," ती म्हणाली. "लिवा, दादा, काळजी करू नगंस. आईला काय बी ठावं न्हाई."