लांब पात्यांचं धनुष्य

भडगावात माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. दारं, दिवाण, किचनची कपाटं हे रोजचं काम. टाळेबंदीत ऑर्डरी थांबल्या, तेव्हा हाताला चैन पडेना म्हणून मी धनुष्य केलं. बांबूच्या पातळ पट्ट्या एकीवर एक चिकटवल्या, दोन्ही अंगांना फायबरची पट्टी दिली आणि सगळं साच्यावर आवळून ठेवलं. धनुष्य झालं, बाणही सुटला. मग तो नादच लागला.

माझी थोरली बहीण धुळ्याला कॉलेजात खेळ शिकवते. आम्ही तिला अक्का म्हणतो. घरात सगळ्यांत उंच ती. तयार कुर्त्याच्या बाह्या तिला कायम आखूड. पन्नाशी ओलांडल्यावर तिनं ठरवलं, आपणही तिरंदाजी करायची. माझं धनुष्य तिनं पूर्ण ओढलं आणि तोंड वाकडं केलं.

"बोटं चिमटतात गं. आणि शेवटी शेवटी तर भिंत ओढल्यासारखं होतं."

तिच्या हातांना ते आखूडच पडत होतं. "तुला लांब करून देते," मी म्हटलं. त्यात काय अवघड, असं मला वाटलं होतं.

साचा लांब केला. पट्ट्यांची जाडी मात्र आधीचीच ठेवली. धनुष्य इतकं देखणं झालं की मी ते दिवसभर दुकानात टांगून ठेवलं. रविवारी अक्कानं बाण सोडला, तर तो निम्म्या वाटेत माती चाटायला गेला. ती हसत सुटली. मी घरी येऊन विचार केला. लांब फळी मधे जास्त झोल खाते, हे मी रोज बघते. धनुष्याचं पातं, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतचा वाकणारा भाग, लांबलं की तेवढ्याच जाडीत ते मऊ पडणारच.

मग मी दुसरं धनुष्य केलं आणि त्यात बांबूची आणखी एक आख्खी पट्टी घातली. या वेळी अक्काला दोरी निम्म्यापर्यंतही ओढवेना. खांदा चोळत ती म्हणाली, "हे माझ्यासाठी आहे की बैलासाठी?"

जाडीत केसाएवढा फरक केला तरी ताण कितीतरी बदलतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. पुढच्या धनुष्यात मी ती जास्तीची पट्टी गाळली आणि उरलेली प्रत्येक पट्टी अगदी किंचित जाड ठेवली, टोकाकडे निमुळती होत जाणारी. हवा होता त्याहून थोडा जास्तच ताण मुद्दाम राहू दिला. एकदा चिकटवल्यावर जाडी वाढवता येत नाही. पण कडा घासून पातं अरुंद केलं की ताण उतरतो. धनुष्य ताण मोजायच्या काट्याला अडकवायचं, ओढून बघायचं, दोन्ही कडा सारख्या घासायच्या, पुन्हा ओढायचं. अक्का स्टुलावर बसून चहा पीत बघत होती. शेवटी तिनं ते हातात घेतलं, दोरी हनुवटीपर्यंत आणली आणि तशीच धरून ठेवली. शेवटी भिंत ओढल्यासारखं झालं नाही. बोटंही चिमटली नाहीत.

"आता सोडू?"

"सोड की!"

बाण मागच्या भिंतीला लावलेल्या गवताच्या पेंढ्यात पार पिसांपर्यंत घुसला.

गेल्या हिवाळ्यात धुळ्याच्या मैदानावर स्पर्धा होती. अक्काच्या गटात तिच्या निम्म्या वयाच्या बायका होत्या. ती तिसरी आली. मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे उभी राहून इतक्या टाळ्या वाजवल्या की हात लाल झाले. पंचांपैकी एकानं धनुष्य हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "कुठून मागवलं?"

खूश झाली की अक्का सरळ अहिराणीवर येते. मला पुढं ओढून ती म्हणाली, "मनी बहिणनी बनाडेल शे!"

बहिणीनं बनवलंय म्हटल्यावर आजूबाजूचे वळून बघायला लागले. कुणी माझ्या कामाकडे असं बघावं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी लाजून खाली बघणार होते, पण मान ताठच राहिली. तेवढ्यात दोन मुली जवळ आल्या. आम्हाला पण असंच करून द्याल का, म्हणाल्या. एक बुटकी, एक उंच.

"असंच नाही," मी म्हटलं. "दोघींचं वेगवेगळं." आणि पर्समधला टेप काढून तिथंच त्यांचे हात मोजायला घेतले.