मालकीण काय म्हणाली

आठ वर्षं झाली. ही गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. माझ्या बायकोला, वैदेहीलाही नाही. म्हणजे, इथं नेदरलँड्समध्ये, आल्मेरेतल्या आमच्या घरी पाहुणे जमले की ऑस्ट्रियातल्या त्या वादळाची गोष्ट निघतेच, लोक ऐकतात, हळहळतात — पण ती वेगळी गोष्ट. तिच्यात एक वाक्य खोटं आहे. एक नाही, दोन. दोन्ही माझी.

आधी एक कबूल करतो. मी गर्विष्ठ माणूस आहे. पुण्यात होतो तेव्हा एकही शनिवार-रविवार घरी काढला नाही. सह्याद्रीत दाट धुक्यात चाळीस पोरांना कड्यावरून खाली आणलंय, एकाच्याही गुडघ्याला खरचटलं नाही. असा माणूस नेदरलँड्समध्ये येऊन पडला, की त्याचं काय होतं? इथला सगळ्यात मोठा चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. तोही समोरून वारा असेल तरच चढ वाटतो. ऑफिसात मी चांगला होतो, पण चांगले पुष्कळ असतात. डोंगरात मात्र माझ्यासारखा मीच — असं मला वाटायचं. म्हणून दर फेब्रुवारीत शाळांना आठवड्याची सुट्टी लागली की मी गाडी काढायचो आणि बरोबरच्यांना घेऊन थेट आल्प्स गाठायचो.

त्या वर्षी आमच्याबरोबर प्रसाद आणि त्याची बायको मुग्धा होते. आल्मेरेतच दोन गल्ल्या सोडून राहतात. प्रसाद मुंबईचा, गोलमटोल, हळू बोलणारा. दिवसातून दहा वेळा मोबाइलवर हवामान बघायचा, म्हणून मी त्याला ‘वेधशाळा’ म्हणायचो. सगळे हसायचे. तोही हसायचा. त्याला आवडत असेल का ते? मी कधी विचारलं नाही.

आणि आमची इरा, तेव्हा तेरा वर्षांची. आमच्याशी मराठी ऐकायची आणि डचमध्ये उत्तर द्यायची. कानात कायम इअरफोन.

आम्ही उतरलो होतो ते एका खेड्यातलं घरगुती लॉज होतं. मालकीण सत्तरीची, नाव हेडविग. इंग्रजी तिला नाश्ता आणि किल्ली एवढंच यायचं. आमच्यात जर्मन बोलणारा मी एकटा. इकडे येण्याआधी चार वर्षं जर्मनीत नोकरी केली होती ना. त्यामुळे दुभाष्या मीच, आणि — खोटं कशाला बोलू — मला ते फार आवडायचं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे.

पहिले दोन दिवस नुसता पाऊस. तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन, वारा उबदार, शेंड्यांवरचा बर्फ डोळ्यांत खुपेल इतका चकचकीत. वरच्या लाकडी झोपडीपर्यंत तीन तासांची वाट होती. तिथं गरम सूप मिळतं, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. प्रसाद आदल्या दिवसापासून कुरकुरत होता, त्याच्या मोबाइलवर काहीतरी लाल दिसत होतं. मी म्हटलं होतं, “बाबा रे, मोबाइलपेक्षा आभाळ मला जास्त कळतं.”

आम्ही बूट चढवत होतो तेव्हा हेडविग स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, आज वर जाऊ नका. दुपारी वारा फिरणार. खाली पाऊस, वर बर्फ, झाडं संपली की पुढे काही दिसणार नाही. नदीकाठानं फिरा. मी मान डोलावली. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे — तिनं सगळं पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक शब्द तोडून.

“काय म्हणतेय ती?” प्रसादनं विचारलं.

मी म्हटलं, “म्हणतेय, दिवस छान आहे, मजा करा.”

हे पहिलं. विचार करून बोललो असं नाही. पण चुकून बोललो असंही नाही. खरं सांगितलं असतं तर प्रसादनं त्याच क्षणी बूट काढले असते, आणि वेधशाळा बरोबर ठरली असती. मला ते चालणार नव्हतं. एवढंच कारण. याहून मोठं काही नव्हतं.

साडेअकराला ऊन गेलं. पुढच्या पंधरा मिनिटांत पाऊस आला, आडवा, बोचरा. मी म्हटलं, सर आहे, जाईल. झाडं संपली तिथं पावसाचा बर्फ झाला. ओल्या अंगावर बर्फ. वाटेच्या कडेला रोवलेले खांब एकेक करून नाहीसे झाले. वारा असा, की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे. आणि मुग्धा घसरली. तिचा घोटा ज्या दिशेला वळला होता, त्या दिशेला घोटा वळत नाही.

आणि मी? मी उभा होतो. चाळीस पोरं उतरवलेला मी — खाली कुठं आणि वर कुठं तेच मला कळेना. सह्याद्रीत मी धुकं पाहिलं होतं, पाऊस पाहिला होता. असं सगळं पुसून टाकणारं पांढरं मी आल्प्समध्येही कधी पाहिलेलं नव्हतं.

तेव्हा प्रसाद बोलायला लागला. तोच हळू आवाज, पण थांबेना. “सगळे माझ्या मागे. पुढच्याच्या सॅकचा पट्टा धरायचा, सोडायचा नाही. येताना वारा उजव्या गालावर होता, आता डाव्या गालावर ठेवायचा. झाडं येईपर्यंत खाली.” त्यानं मुग्धाला पाठीवर घेतलं. जिम सोडा, जिना चढतानाही धाप लागायची त्या माणसाला. तासभर त्यानं तिला पाठीवरून उतरवलं नाही. वारा फिरतोय असं वाटलं की थांबायचा, एखादा खांब हाताला लागेपर्यंत चाचपायचा, मग पुढे. त्याची ती पाठ आठवली की आजही माझी मान ताठ होते. हा माझा मित्र आहे. मी त्याला चिडवायचो.

जंगलात शिरलो तर समोरून बर्फात चालणारी, चाकांऐवजी रणगाड्यासारखे पट्टे असलेली गाडी आली. चालवणारा तरुण काही बोललाच नाही, इंजिनाच्या आवाजात बोलणार तरी काय. ब्लँकेटं दिली, गाडीत घातलं आणि खाली आणलं.

लॉजवर पोचलो. वैदेही थरथरत होती, थंडीनं की रागानं ते तिलाही सांगता आलं नसतं. हेडविग टॉवेल घेऊन धावत आली, आणि वैदेही तिच्यावर इंग्रजीत कडाडली. तुम्ही इथं जन्म काढलात, एका शब्दानं सांगता येत नव्हतं? मुलगी आहे आमच्याबरोबर!

हेडविगला शब्द नाही, पण रोख कळला. तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि जर्मनमध्ये म्हणाली, “मी यांना सांगितलं होतं. सकाळी, दोनदा. तुम्ही एकपर्यंत परतला नाहीत, म्हणून मी भाच्याला गाडी घेऊन वर पाठवला.”

सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, “ती माफी मागतेय. म्हणतेय, सांगायला हवं होतं, लक्षात आलं नाही.”

हे दुसरं. पहिलं मी गर्वापोटी बोललो. हे कशापोटी? समोर उभ्या असलेल्या बाईनं आमचा जीव वाचवला हे कळल्यानंतर, पुरतं कळल्यानंतर, मी तिच्या तोंडी माझा गुन्हा घातला. तिला मराठी येत नव्हती. तिनं मान हलवली. तिला वाटलं असणार, मी खरं सांगितलं.

मुग्धाच्या घोट्यात धातूची पट्टी बसवावी लागली. थंडीत अजून लंगडते. घरी आल्यावर वैदेहीनं त्या लॉजबद्दल इंटरनेटवर सविस्तर लिहिलं, एक तारा दिला. मला वाचून दाखवलं. मी एक स्पेलिंग दुरुस्त केलं.

निघायच्या दिवशी मी गाडीत सामान भरत होतो. मागे वळून पाहिलं तर लॉजच्या काचेआड इरा आणि हेडविग. इरा काहीतरी बोलत होती, अडखळत, हात हलवत. हेडविगनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. रस्त्यात मागे प्रसाद, मुग्धा आणि वैदेही झोपल्यावर शेजारी बसलेली इरा पहिल्यांदा आपणहून मराठीत बोलली.

“बाबा, शाळेत या वर्षी जर्मन आहे मला.”

मी गाडी चालवत राहिलो.

“मी तिला सांगितलं. की तिनं आपल्याला आधीच बजावलं होतं, ते मला कळलंय. आणि थँक यू म्हटलं.”

तेव्हा मला शरम वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. आधी जे छातीत भरून आलं तो अभिमान होता. तेरा वर्षांची पोर, मोडक्यातोडक्या भाषेत, एकटी गेली होती. मला हे तिच्याजवळ बोलता आलं नाही. मी हीटर वाढवला.

गेल्या महिन्यात इराला पदवी मिळाली. आमच्याकडे जेवण होतं. प्रसादनं रंगात येऊन ती गोष्ट काढली — शिरीष पुढे होता म्हणून आम्ही गेलो तरी, असंही माझ्याबद्दल म्हणाला, इतका तो चांगला — आणि मग नेहमीसारखं, “ती म्हातारी मात्र! एक शब्द बोलली नाही!”

इरा म्हणाली, “काका, ती बोलली होती. तिनं सांगितलं होतं.”

“कुणाला?” प्रसादनं विचारलं.

इरानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसती वाट बघत होती. आणि मी विचारलं, मठ्ठा हवाय का कुणाला.

मला, प्रसाद. मला सांगितलं होतं.