मालकांच्या डोळ्यात मी घातलेले थेंब

डॉक्टरांनी यंत्रातून मालकांचा उजवा डोळा पाहिला आणि पहिला प्रश्न मला विचारला, "याआधी कोणते थेंब घातले?"

मी पिशवीतली बाटली दिली. त्यांनी नाव वाचलं आणि म्हणाले, "हे आजपासून बंद. फंगल केराटायटिस आहे." म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला बुरशी लागून झालेली सूज आणि जखम.

आम्ही नवराबायको कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचे. त्याच्या आठ दिवस आधी ऊस तोडताना पाला मालकांच्या डोळ्यावर फटकन बसला. डोळा लाल झाला, उजेड सोसेना. कोल्हापूरला दाखवून येतो म्हणाले. फड निम्माच तुटला होता, म्हणून मीच अडवलं. मागं ॲलर्जीनं माझे डोळे सुजले होते, त्या वेळचे थेंब घरात होते.

"ह्येच घालूया की, मला दोन दिसांत गुण आलता," मी म्हटलं.

लाली उतरली. मला बरं वाटलं, म्हणून घालतच राहिले. सहाव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तेव्हा कुठं कोल्हापूर गाठलं.

डॉक्टरांनी समजावलं, त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. ॲलर्जीची सूज त्यानं उतरते, पण बुरशी असेल तर डोळ्याची झुंजायची ताकदच कमी होते. जखम खरवडून तपासली. मग बुरशीवरचे थेंब, दर तासाला. तेवढ्यानं भागलं नाही तर केराटोप्लास्टी, म्हणजे नेत्रदानातून मिळालेला पडदा बसवायचा.

बाहेर बाकावर बसल्यावर मी मालकांना सांगितलं, माझ्यामुळं झालं.

"मी बी डोळा उघडून धरलाच की," ते म्हणाले. "कसलं औषध हाय, इचारलं न्हाय."

त्यांनी निम्मा दोष उचलला, पण माझा काही हलका झाला नाही.

दोन महिन्यांनी जखम भरली. बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या डोळ्यानं त्यांना उजेड आणि माणसाची आकृती एवढंच कळतं. पडदा बदलायचं डॉक्टर पुढं बघू म्हणतात. डोळा काढावा लागला नाही, याबद्दल मी डॉक्टरांचे उपकार मानते. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर, असं मी एकदा विचारलं होतं. "तेव्हा जखम लहान होती," एवढंच ते म्हणाले.

आता गल्लीत कुणाचा डोळा लाल दिसला की मी मागं लागते. घरातलं काही घालू नका, आजच दाखवा. डोळ्याला पाला, काडी लागली असेल तर उद्यावर ढकलू नका. बायका म्हणतात, ही लई भित्री झालीय.

झालेय. त्या दिवशी थोडी भ्याले असते, तर बरं झालं असतं.