शून्यावरची जागा

द्वारका चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात तो जुने प्रोग्राम नव्या भाषेत उतरवतो आणि मी ते तपासते. कोड वाचताना त्याचे ओठ हलतात. चूक सापडली की तो चष्मा काढून टेबलावर पालथा ठेवतो. आमच्याशी शहरी मराठी बोलतो, स्वतःशी मात्र अहिराणी.

चाचणीच्या यादीत आम्ही सगळे मनाला येतील ती नावं टाकतो. तो पहिलं नाव नेहमी वडिलांचं टाकतो. ते नामपूरच्या बाजारात कांदा नेतात.

मध्यंतरी एका बाजार समितीचा लिलावाचा प्रोग्राम आला होता. जुनी भाषा यादी एकापासून मोजायची, नवी शून्यापासून मोजते. उतरवलेला प्रोग्राम कुठेही न अडता चालला. मी "ठीक आहे" म्हणालेसुद्धा. त्याने चष्मा काढला.

"मना बाप कोठे गया?"

प्रोग्राम अजून एकापासूनच वाचत होता आणि यादीतला पहिला शेतकरी, म्हणजे त्याचा बाप, शून्यावर जाऊन बसला होता. त्याचा कांद्याचा ट्रॅक्टर लिलावात आलाच नव्हता.

"शून्यापासून वाचायला लाव ना," मी म्हणाले.

"नको मॅडम. पहिला माणूस पहिलाच राहू द्या." त्याने वर, शून्यावर, एक रिकामी जागा घातली आणि सगळी यादी एक घर खाली सरकवली.

संध्याकाळी तपासताना पाहिलं, तर ती जागा रिकामी नव्हती. तिथे त्याचं स्वतःचं नाव होतं.

"ती जागा प्रोग्राम वाचतच नाही, मॅडम," तो म्हणाला.