तारेचा दुसरा पीळ

इनॉक ब्रॅमलीचा एक कान प्रार्थनामंदिराच्या घंटेकडे असे, दुसरा इंजिनाच्या ठोक्याकडे. आणि दोन्हींत त्याला एकाच दयाघनाचा स्वर ऐकू येई. केंटमधल्या त्या विमानतळावर तो फिटर होता, आणि वैमानिक लॉरिमर साहेबांचे लढाऊ विमान त्याच्या हवाली होते.

उंचावर हवा विरळ, म्हणून सुपरचार्जरचा पंखा ती कोंबून कोंबून इंजिनाच्या छातीत भरी. जमिनीजवळ हवा मुळातच दाट. तिथे तेवढीच कोंबली तर छाती फुटायची. म्हणून एक इवलीशी हवाबंद डबी पहारा करी. दाब वाढला की ती आक्रसे आणि हवेची वाट आवळी. विमान वर चढले की वाट मोकळी करी. मात्र मृत्यूच पाठीशी लागला, तर वैमानिकाने वेगाचा दांडा पुढे रेटून त्याच्या वाटेत आडवी बांधलेली बारीक तार तोडायची. पहारा उठे, आणि पाच मिनिटे इंजिन जिवावर उदार होऊन धावे. तुटलेली तार परत आली, की इंजिन तपासायचे, हा दंडक.

लॉरिमरांनी आठवड्यात तीनदा तार तोडली. तिसऱ्यांदा तेलाच्या गाळणीत झिजलेल्या इंजिनाच्या धातूचे कण निघाले. इनॉकने हटकले, तेव्हा ते हसून म्हणाले, "मागे लागलेला जर्मन तुझी प्रार्थना संपेपर्यंत थांबत नाही रे, बाबा."

दुसऱ्या सकाळी इनॉकने तारेवर आणखी एक पदर चढवून दुसरा पीळ घातला. साहेबांनी तोडण्याआधी क्षणभर विचार करावा, एवढीच त्यामागची माया.

दुपारी विमाने उडाली, आणि पाठोपाठ विमानतळावर बॉम्ब कोसळले. खंदकात शेजारी बसलेला सोबती प्रिंगल बोलता बोलता अर्धाच उरला. त्याचे रक्त तोंडावर, माती डोळ्यांत, आणि त्या प्रलयात इनॉकला तो दुसरा पीळ आठवला.

विमान परतले ते पोटावर घासत, धूर ओकत. इनॉक पंखावर चढला. लॉरिमरांची मांडी चिंधड्या झाली होती. तार हाताने ओढता ओढता डाव्या हाताचा मोजा फाटून दोन बोटे हाडापर्यंत कापली होती. तारेचा एक पदर तुटला होता. दुसरा शाबूत होता.

"दोन पदर, ब्रॅमली?"

"मीच घातले, साहेब."

"नको तिथं चोख काम करतोस, गड्या."

इनॉकने पट्टे कापून त्यांना ओढून काढले. गवतावर ठेवीपर्यंत साहेबांचा श्वास थांबला होता. मागे टाकी फुटली. विमान, दांडा, तार, सारे वितळून एक झाले.

त्याच भाजलेल्या हातांनिशी, तळव्यांची सोललेली कातडी तशीच लोंबत असताना, तो सार्जंटपुढे उभा राहिला आणि त्याने सारे सांगितले. सार्जंटने आजूबाजूला कुणी नाही ना, हे पाहिले. मग हळूच म्हणाला, "तार तर जळाली. तुला कुणी विचारलंय का?"

"कुणी विचारणार नाही, सार्जंट. म्हणूनच सांगतोय."

शिक्षा झाली, बाहीवरची हुद्द्याची पट्टी गेली, काम राहिले. पुढे युद्ध संपेपर्यंत, प्रत्येक उड्डाणाआधी, तो एकेरी तार बांधी, स्वतःच्या करंगळीने ओढून तोडी, आणि मग तशीच नवी बांधी. ती करंगळी कधी पुरती भरून आली नाही.